बॉलबेअरिंग, तोफ आणि तटस्थता

खडकी मागे टाकून हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली की जुन्या मुंबई रस्त्यावर दापोडी लागते. एका अंगाला सीएमई, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची लांबच लांब भिंत, डोक्यावर मेट्रो, आणि रस्त्याकडेला कारखान्यांची फाटकं. पुण्याच्या औद्योगिक इतिहासात ही फाटकं जुनी आहेत. अल्फा लावाल, सँडविक एशिया, अॅटलास कॉप्को ही नावं इथल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांच्या तोंडात बसलेली. अॅटलास कॉप्कोच्या पत्त्यात तर 'स्वेआनगर' असं लिहिलेलं असतं. 'स्वेआ' म्हणजे स्वीडन देशाचं मानवी रूप, आपल्याकडच्या भारतमातेसारखं. पुढे चिंचवडला गेलं की एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना. या चारही कंपन्या मूळच्या स्वीडनच्या.

स्वीडनची लोकसंख्या आज एक कोटी पाच लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाखांहून अधिक माणसं मोजली गेली होती. एवढा लहान, उत्तर ध्रुवाकडे सरकलेला देश पुण्याच्या एका रस्त्यावर इतका दाटीनं का आला, याचं एक उत्तर धंद्याचं आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात परकीय चलनाची चणचण झाली, आयातीचे परवाने दुर्मिळ झाले आणि भारतात माल विकायचा असेल तर तो इथेच बनवा, असा सरकारचा सूर लागला. १९३७ पासून मुंबईत व्हल्कन ट्रेडिंग या नावानं दुधातली साय वेगळी करणारी यंत्रं विकणाऱ्या अल्फा लावालला, किंवा १९६० मध्ये इथे कंपन्या स्थापन करणाऱ्या सँडविक आणि अॅटलास कॉप्कोला पुणे सोयीचं होतं. मुंबई बंदर जवळ, रेल्वे हाताशी, आणि किर्लोस्करांच्या खडकीच्या इंजिन कारखान्यासारख्या ठिकाणी तयार झालेले कसबी कामगार. सँडविक आणि अॅटलास कॉप्को तर मायदेशीही जोडीदार होत्या. एकीचं हलकं ड्रिल आणि दुसरीची टंगस्टन कार्बाइडची टोकं, या जोडीनं खडक फोडायची पद्धत जगभर 'स्वीडिश पद्धत' म्हणूनच ओळखली गेली. धरणं, बोगदे आणि खाणी यांच्या मागे लागलेल्या भारताला ती हवीच होती.

दुसरं उत्तर राजकारणाचं आहे. आशिया-आफ्रिकेतल्या नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांत स्वीडनबद्दल जुनं वैर नव्हतं. तो ब्रिटन-फ्रान्ससारखा साम्राज्याचा मालक नव्हता, अमेरिकेच्या किंवा रशियाच्या गोटातला नव्हता. नेहरूंच्या अलिप्ततावादी भारताला असा सोबती रुचणारा होता. १९५७ च्या जूनमध्ये नेहरू स्वीडनला जाऊन आले. शांतता, नि:शस्त्रीकरण, संयुक्त राष्ट्रं ही स्वीडनची भाषा आणि दिल्लीची भाषा तेव्हा बरीच जुळत होती. पण या भाषेखाली एक पक्का हिशेब होता. तो समजून घेतल्याशिवाय पुढे तोफांच्या खरेदीतलं बोफोर्स प्रकरण का घडलं, हे कळत नाही.

स्वीडन शेवटचं युद्ध लढला तो १८१४ मध्ये, शेजारच्या नॉर्वेशी. त्यानंतर दोनशे वर्षं त्यानं कोणाशी युद्ध केलं नाही. शांततेच्या काळात कोणत्याही लष्करी गटात जायचं नाही आणि युद्ध पेटलं तर बाजूला राहायचं, हे त्याचं सूत्र ठरलं. बाजूला राहणं मात्र फुकटात होत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं डेन्मार्क आणि नॉर्वे गिळले, तेव्हा स्वीडन वाचला. त्या बदल्यात त्यानं जर्मन सैनिकांच्या गाड्या आपल्या रुळांवरून जाऊ दिल्या आणि किरुनाचं लोहखनिज जर्मनीला विकत राहिला.

एसकेएफची गोष्ट याहून बोलकी आहे. बॉलबेअरिंगशिवाय विमानाचं इंजिन फिरत नाही, रणगाडा चालत नाही. गोथेनबर्गची ही कंपनी त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या बेअरिंग उत्पादकांपैकी होती आणि युद्धातल्या दोन्ही बाजू तिच्या गिऱ्हाईक होत्या. ब्रिटिशांची बीओएसी कंपनी हलक्या मॉस्किटो विमानांतून रात्री स्टॉकहोमहून बेअरिंगची खोकी स्कॉटलंडला न्यायची. तिकडे जर्मनीत श्वाइनफुर्ट शहरात एसकेएफच्याच मालकीची कंपनी हिटलरच्या कारखान्यांना बेअरिंग पुरवत होती. तो पुरवठा थांबवायला अमेरिकी बॉम्बर विमानांनी १९४३ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये श्वाइनफुर्टवर हल्ले केले आणि त्यात स्वतःची कितीतरी विमानं गमावली. शेवटी १९४४ मध्ये अमेरिकेनं थेट कंपनीवरच दबाव आणून जर्मनीची विक्री आवळली. स्वीडनच्या उद्योगजगतावर पकड असलेल्या वालेनबर्ग घराण्यानं तर कामाची वाटणीच करून घेतली होती: याकोब जर्मनांशी वाटाघाटी करणार, धाकटा मार्कुस दोस्त राष्ट्रांशी. याच घराण्यातला राउल वालेनबर्ग १९४४ मध्ये बुडापेस्टला गेला आणि स्वीडिश संरक्षणपत्रं वाटून त्यानं हजारो ज्यूंचे जीव वाचवले. एका घराण्याचं हे दुहेरी चित्र आणि देशाचं चित्र वेगळं काढता येत नाही.

युद्धानंतर स्वीडननं धडा घेतला तो असा, की तटस्थ राहायचं तर शस्त्रं स्वतःची हवीत. दुसऱ्याकडून घेतली तर तो दुसरा ऐन वेळी नळ बंद करील. म्हणून साबनं लढाऊ विमानं बनवली, बोफोर्सनं तोफा, कोकुम्सनं पाणबुड्या. पण एवढ्याशा देशाचं सैन्य ते किती. पाचशे तोफांसाठी कारखाना उभारून चालत नाही, त्याला गिऱ्हाईक बाहेर शोधावं लागतं. इथे शांततेच्या धोरणाला एक गाठ बसली. तटस्थतेसाठी शस्त्रं, शस्त्रांसाठी निर्यात, आणि निर्यातीसाठी त्याच देशांच्या राजधान्यांत खेटे, जिथे स्वीडनचे मंत्री नि:शस्त्रीकरणावर भाषणं करत. कायद्यानं स्वीडनमध्ये शस्त्रनिर्यातीवर बंदीच आहे. सरकार एकेका व्यवहाराला अपवाद म्हणून परवानगी देतं. अपवादच इतके झाले की त्यावर एक अख्खा उद्योग उभा राहिला. आणि तटस्थता तरी पूर्ण कुठे होती? शीतयुद्धात स्वीडननं गुपचूप नाटोशी सहकार्याची तयारी ठेवली होती, हे १९९४ मध्ये त्यांच्याच सरकारी आयोगानं उघड केलं.

तरीही स्वीडनच्या शांततेच्या कामाला ढोंग म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं ठरेल. त्या कामात भारतीय, आणि मराठी माणसंही, स्वीडिश माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आहेत.

२७ जुलै १९५३ ला कोरियात युद्धविराम झाला. सगळं अडलं होतं ते युद्धकैद्यांवर. साडेबावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते; दुसऱ्या बाजूलाही परत न जाणारे साडेतीनशेच्या आसपास होते. त्यांचं काय करायचं हे ठरवायला पाच देशांचा तटस्थ आयोग नेमला गेला. स्वीडन आणि स्वित्झर्लंड एका बाजूनं सुचवलेले, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूनं, आणि अध्यक्षपदी भारत. दोन-दोन मतं फुटली की निर्णायक मत भारताच्या जनरल थिमय्यांचं. कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा भारतीय सैन्याकडे होता आणि त्या तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या मातीवर पाऊल ठेवू देणार नाही असं बजावलं, म्हणून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी जहाजांवरून उचलून त्यांना थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या तारेच्या कुंपणामागचे कैदी आपसांत विभागलेले, भडकलेले. त्यांनी एका भारतीय मेजरला आत डांबलं तेव्हा थोरात नि:शस्त्र आत शिरले आणि बोलत बोलत त्याला सोडवून आले. ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्यांनी त्या वापरायच्या नाहीत, हे या कामाचं मर्म होतं. जानेवारी १९५४ मध्ये भारतानं कैदी ज्याच्या त्याच्या बाजूला परत केले. दोन्ही बाजू नको म्हणणारे ८८ जण भारतीय तुकडीबरोबर भारतात आले. थोरातांनी पुढे 'माझी शिपाईगिरी' या आत्मचरित्रात आपल्या सैनिकी आयुष्याची हकीकत लिहिली. याच पट्ट्यातल्या ज्या पानमुनजोमजवळ हे सगळं घडलं, तिथे युद्धविरामावर देखरेख करणारे मूठभर स्वीडिश अधिकारी आजही तैनात असतात. भारताचं काम काही महिन्यांत आटोपलं, स्वीडनचं सत्तर वर्षं चालू आहे.

कोरियानंतर आठ वर्षांनी आफ्रिकेतल्या काँगोत दोन्ही देश पुन्हा भेटले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डॅग हॅमरशोल्ड हे स्वीडिश. त्यांच्या हाकेवरून भारतानं काँगोत एक ब्रिगेड पाठवली, स्वीडननंही सैनिक आणि विमानं दिली. १८ सप्टेंबर १९६१ ला एन्डोलाजवळ विमान कोसळून हॅमरशोल्ड गेले. त्याच डिसेंबरमध्ये एलिझाबेथव्हिल इथे काँगोतल्या कतांगा प्रांताच्या फुटीरांशी लढताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. परमवीरचक्र मिळवणारे ते एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, पहिले माजी विद्यार्थी. खडकवासल्याच्या छात्रांना त्यांची गोष्ट माहीत असते. ती लढाई एका स्वीडिश सरचिटणीसाच्या हट्टातून निघालेल्या मोहिमेतली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

याच काळात दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या अल्वा मिर्डाल. १९५५ पासून १९६१ पर्यंत. त्यांचे पती गुन्नार मिर्डाल यांनी दक्षिण आशियाच्या गरिबीवर 'एशियन ड्रामा' हा जाडजूड ग्रंथ लिहिला, म्हणून आपल्याकडे त्यांचं नाव अधिक घेतलं जातं. पण परराष्ट्र धोरणात वजन अल्वाबाईंचं. मायदेशी परतल्यावर त्या नि:शस्त्रीकरणाच्या वाटाघाटींत स्वीडनच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'सिप्री' या शांतता संशोधन संस्थेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि १९८२ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. जगात कोण किती शस्त्रं विकतं आणि घेतं याचे जे आकडे भारतीय वृत्तपत्रं दर वर्षी छापतात, ते याच सिप्रीचे. शस्त्रं विकणाऱ्या देशानंच शस्त्रविक्रीची खतावणी ठेवणारी संस्था उभी केली, यात एक प्रामाणिकपणाही आहे. स्वीडननं स्वतः पन्नाशी-साठीच्या दशकांत अणुबॉम्बचं काम चालवलं होतं. ते सोडून देऊन त्यानं १९६८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली. म्हणून १९९८ मध्ये पोखरणला भारतानं अणुचाचण्या केल्या तेव्हा स्वीडनचा राग नुसता तोंडी नव्हता. त्यानं भारताशी केलेला विकाससहकार्याचा करार रद्द केला. दापोडी-चिंचवडचे कारखाने अर्थातच चालू राहिले.

आता बोफोर्स. तिथे पोहोचायचं ते ओलोफ पाल्मे यांच्या वाटेनं. पाल्मे हे युद्धोत्तर स्वीडनचे सर्वांत गाजलेले पंतप्रधान. १९६८ मध्ये मंत्री असताना ते उत्तर व्हिएतनामच्या राजदूताबरोबर स्टॉकहोमच्या रस्त्यावर मोर्चात चालले. १९७२ च्या नाताळात हनोईवरच्या बॉम्बवर्षावाची तुलना त्यांनी नाझींच्या अत्याचारांशी केली आणि अमेरिकेनं संबंध गोठवले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाविरुद्ध त्यांनी उघड पैसा आणि पाठिंबा दिला. इंदिरा गांधी आणि नंतर राजीव गांधी यांच्याशी त्यांचं जमलं. १९८४ मध्ये भारत, स्वीडन, अर्जेंटिना, ग्रीस, मेक्सिको आणि टांझानिया या सहा देशांनी महासत्तांना अण्वस्त्रं थांबवायचं आवाहन केलं. १९८५ च्या जानेवारीत दिल्लीत त्यांचा जाहीरनामा निघाला.

त्याच सुमारास भारतीय सैन्य १५५ मिलिमीटरची नवी तोफ शोधत होतं. शर्यतीत फ्रान्सची सोफ्मा कंपनी पुढे होती. बोफोर्सच्या कार्लस्कुगा गावात ऑर्डर आली नाही तर हजारो कामगारांचं काय, हा प्रश्न पाल्मेंच्या समाजवादी सरकारपुढे होता. पाल्मेंनी आपल्या मित्राकडे, राजीव गांधींकडे, बोफोर्सचा शब्द टाकला. शांतता आणि रोजगार या दोन खात्यांचे हिशेब एकाच माणसाच्या खिशात होते. २८ फेब्रुवारी १९८६ ला पाल्मे पत्नीबरोबर सिनेमा पाहून, अंगरक्षक न घेता पायी घरी निघाले असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. त्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, २४ मार्चला, ४१० तोफांचा करार झाला. किंमत सुमारे १,४३७ कोटी रुपये.

पुढचं सारं भारतीय वाचकाला तोंडपाठ आहे. १६ एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओनं दलालीची बातमी फोडली, पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांनी कागदपत्रांचा छडा लावला, १९८९ च्या निवडणुकीत राजीव गांधींचं सरकार गेलं. २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं राजीव गांधींवरचा लाचखोरीचा आरोप फेटाळला. मात्र स्वीडनच्या बाजूनं काय चाललं होतं ते आपल्याकडे कमी सांगितलं गेलं. भारताच्या आधीच बोफोर्स घरात संशयाच्या भोवऱ्यात सापडली होती. कंपनीतल्याच इंग्वार ब्रात या अभियंत्यानं फोडलं की 'रोबोट ७०' क्षेपणास्त्रं सिंगापूरचं नाव कागदावर लावून बंदी असलेल्या आखाती देशांना विकली गेली. ही शस्त्रं नेमकी कोणाकडे राहतील याची हमी देणारं 'अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र' म्हणजे नुसता कागद होता. शस्त्रनिर्यातीवर नजर ठेवणारे सरकारी निरीक्षक कार्ल-फ्रेडरिक आल्गेर्नोन १५ जानेवारी १९८७ ला स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेखाली सापडून मरण पावले. तो अपघात होता, आत्महत्या होती की आणखी काही, यावर तिथे अजून तर्क लढवले जातात. स्वीडनच्या लेखापरीक्षकांनी जूनमध्ये पैसे दिले गेल्याचं मान्य केलं, पण अहवालातला नाजूक भाग झाकून. सुब्रमण्यम यांना कागद पुरवणारा माणूस स्वीडिश पोलिसांतला तपासप्रमुख स्टेन लिंडस्ट्रोम होता, हे त्यानं स्वतः २०१२ मध्ये सांगितलं. म्हणजे भारताला सत्य कळलं ते स्वीडिश सरकारमुळे नव्हे. स्वीडनच्या रेडिओमुळे आणि एका पोलीस अधिकाऱ्याच्या अस्वस्थतेमुळे. एकाच देशातलं सरकार आणि ही माणसं वेगवेगळी मोजायला हवीत.

तोफ मात्र चांगली निघाली. देवळालीच्या तोफखाना विद्यालयात ती शिकलेल्या जवानांनी १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर तिचा मारा केला आणि लढाईचं पारडं फिरलं. अडचण अशी की बोफोर्सला काळ्या यादीत टाकल्यानं सुटे भागही सहज मिळत नव्हते, आणि घोटाळ्याच्या धास्तीनं पुढची जवळपास तीस वर्षं कोणत्याही सरकारनं नवी मोठी तोफ विकत घेतली नाही. फायलींवर सही करायला कोणी धजेना.

ती पोकळी भरण्याचं काम पुण्याकडे आलं. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं २०१३ मध्ये पूर्णपणे भारतीय १५५ मिलिमीटर तोफेचं काम हाती घेतलं. जोडीला मुंढव्याची भारत फोर्ज आणि टाटा. 'एटॅग्ज' नावाच्या या तोफेनं पोखरणच्या चाचण्यांत ४७-४८ किलोमीटरपर्यंत गोळा फेकला. बोफोर्सचा पल्ला तिशीच्या आसपास. २६ मार्च २०२५ ला संरक्षण मंत्रालयानं अशा ३०७ तोफांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार केले आणि त्यातला मोठा वाटा भारत फोर्जला गेला. तटस्थ राहायचं तर तोफ स्वतःची हवी, हा स्वीडनचा जुना युक्तिवाद आता 'आत्मनिर्भर' या शब्दासह पाषाण रस्त्यावर ऐकू येतो.

स्वीडनच्या दोन पायांची ही चाल पुढेही चालू राहिली, कधी हसू यावं इतकी. उत्तर कोरियाशी राजनैतिक संबंध जोडताना सत्तरच्या दशकात स्वीडननं त्यांना सुमारे हजार व्होल्वो गाड्या उधारीवर पाठवल्या. पैसे आजतागायत आलेले नाहीत. स्वीडनची निर्यात-पतहमी संस्था त्या थकबाकीची आठवण अजून पाठवत असते, आणि त्या बदल्यात का होईना, प्याँगयांगमधला स्वीडिश दूतावास अमेरिकेसाठीही दुवा ठरला. २०१५ मध्ये स्वीडनच्या परराष्ट्रमंत्री मार्गोत वालस्ट्रोम यांनी सौदी अरेबियाच्या मानवाधिकारांवर बोट ठेवलं. सौदींनी अरब लीगमधलं त्यांचं भाषण रोखलं, राजदूत परत बोलावला. स्वीडननं सौदीशी असलेला संरक्षण करार पुढे वाढवला नाही. त्याआधी तीसहून अधिक बड्या उद्योगपतींनी वर्तमानपत्रात पत्र लिहून करार राखा असं सरकारला विनवलं होतं. मंत्रीणबाईंच्या 'स्त्रीवादी परराष्ट्र धोरणा'चा २०१४ मध्ये गाजावाजा झाला होता. २०२२ मध्ये नव्या सरकारनं तो शब्दच काढून टाकला.

भारताशी तुटलेले धागे पुन्हा जुळले ते धंद्याच्या वाटेनं, आणि मुंबईत. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहाला स्वीडनचे पंतप्रधान स्टेफान लोव्हेन आले. पेशानं वेल्डर, मग धातुकामगारांच्या संघटनेचे नेते, मग पंतप्रधान. २०१८ च्या एप्रिलमध्ये नरेंद्र मोदी स्टॉकहोमला गेले, भारतीय पंतप्रधानाची तिथली ती तीस वर्षांतली पहिली भेट. पाचही नॉर्डिक पंतप्रधानांबरोबर भारताची पहिली शिखर परिषद तिथेच झाली. २०१९ मध्ये दोन्ही देशांनी पोलाद-सिमेंटसारख्या जड उद्योगांचं प्रदूषण घटवण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय गट सुरू केला, आणि डिसेंबरमध्ये राजे कार्ल गुस्ताफ वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला उतरले.

मग रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि दोनशे वर्षांची रीत मोडली. मे २०२२ मध्ये स्वीडननं नाटोकडे अर्ज केला. तुर्कस्ताननं कुर्दांच्या प्रश्नावरून अडवून धरलं, हंगेरीनं टाळाटाळ केली. हंगेरी तयार झाली ती २०२४ च्या फेब्रुवारीत, स्वीडिश पंतप्रधान बुडापेस्टला जाऊन चार ग्रिपेन लढाऊ विमानं विकण्याचा व्यवहार पक्का करून आले त्यानंतर दोन-तीन दिवसांत. ७ मार्च २०२४ ला स्वीडन नाटोचा ३२ वा सदस्य झाला. तटस्थतेसाठी उभारलेल्या विमान कारखान्यानं तटस्थता सोडतानाही मदत केली. अलिप्ततेचे जुने सोबती आता वेगळ्या बाकांवर आहेत: मे २०२२ च्या कोपनहेगन परिषदेच्या निवेदनात नॉर्डिक पंतप्रधानांनी रशियाचा नाव घेऊन निषेध केला, भारतानं त्या वाक्यात आपलं नाव येऊ दिलं नाही.

आणि स्वीडनला सतावणारा जुना प्रश्न या काळात पुण्यात येऊन पोहोचला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत फोर्जच्या समूहातल्या कंपनीला १५५ मिलिमीटर तोफांची साडेपंधरा कोटी डॉलरची निर्यात ऑर्डर मिळाली. शेअर बाजाराला दिलेल्या माहितीत देशाचं नाव नव्हतं, फक्त 'संघर्षक्षेत्राबाहेरचा' देश एवढंच होतं. वृत्तपत्रांनी आर्मेनियाचं नाव घेतलं, ज्याची दोन महिन्यांपूर्वीच अझरबैजानशी चकमक झडली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली की भारतीय तोफगोळे युरोपीय गिऱ्हाइकांमार्फत युक्रेनला पोहोचले. परराष्ट्र मंत्रालयानं ती तर्काधारित म्हणून फेटाळली. अंतिम वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राचा हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी कार्लस्कुगाचा होता, आता मुंढव्याचा आहे. बोफोर्सच्या नामुष्कीनंतर स्वीडननं शस्त्रपरवान्यांसाठी वेगळं खातं केलं, त्यावर संसदेतल्या पक्षांचे प्रतिनिधी बसवले, आणि कोणत्या देशाला किती रकमेची शस्त्रं गेली याचा अहवाल सरकार दर वर्षी संसदेपुढे ठेवतं. २०२४-२५ मध्ये भारतानं २३,६२२ कोटी रुपयांची संरक्षण निर्यात केल्याचं सरकारनं अभिमानानं जाहीर केलं. कोणत्या देशाला काय गेलं, हे संसदेत विचारलं की सामरिक कारणं पुढे करून उत्तर टाळलं जातं.